माशांची एकादशी

गेल्या कार्तिकातल्या एकादशीला बालाजी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून मी रामनामाच्या एकशे आठ गोळ्या गंगेत सोडल्या, आणि एकाही गोळीला एकही मासा शिवला नाही.

पत्नीच्या हृदयाची एक झडप आकसली होती. फुप्फुसांत पाणी साठे, आडवे पडले की श्वास कोंडे. तीन उशांना टेकून ती बसल्या बसल्याच झोपे. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि आठवड्याच्या आत होकार मागितला होता. तिची तयारी होती. तिची अट एकच होती : कागदावर सही माझी हवी. मला ती करवत नव्हती. म्हणून मी अकरा दिवसांचे व्रत धरले. रामनाम लिहिलेल्या चिठ्ठ्या गोळ्यांत भरून रोज सकाळी माशांना द्यायच्या. त्यांनी त्या स्वीकारल्या तर तो होकार समजायचा, हे मात्र मी कोणालाही सांगितले नव्हते.

आमच्या घरी या गोळ्या पिढ्यानपिढ्या कणकेच्या होतात. पण व्रतात मला धान्य वर्ज्य होते, आणि आपण जे खात नाही ते दुसऱ्याच्या मुखी घालणे मला प्रशस्त वाटेना. मी राजगिऱ्याच्या लाह्या तुपागुळात कालवून बोराएवढ्या गोळ्या वळल्या. हातांना सुगंध येत होता. मन प्रसन्न नव्हते, तरी विधी शुद्ध झाला असे वाटले.

दुसऱ्या दिवशी तेच झाले. तिसऱ्या दिवशीही. गोळ्यांचा पिवळसर थवा पाण्यावर हेलकावत राजघाटाच्या दिशेने निघून जाई. बोटभर लांबीचे मासे वर येत, एखाद्या गोळीपाशी घुटमळून मागे फिरत. खाली, पायरीच्या शेवाळाशी, मोठ्या माशांच्या करड्या पाठी मला पुसट दिसत. त्या वर येत नसत. जपात माझी संख्या चुकू लागली. संस्कृतात माशाला अनिमिष म्हणतात, ज्याची पापणी लवत नाही तो; देवांनाही तोच शब्द आहे. ते न मिटणारे डोळे माझे अर्पण पाहत होते आणि नाकारत होते, असे मला वाटे. घाटाच्या पायऱ्या चढून घरी येईपर्यंत छाती धडधडत असे.

चौथ्या दिवशी तिने उशीवरूनच विचारले, "अहो, आज काय म्हणाले मासे?"

मी चपापलो. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? पन्नास वर्षं काढलीत तुमच्याबरोबर." मध्येच थांबून तिने श्वास घेतला. "माझ्या छातीचा निकाल माशांवर सोपवलात. निदान त्यातला एखादा शिकलेला मासा तरी गाठा."

तिला हसू आले आणि हसता हसता खोकला. मी पाठीवरून हात फिरवत राहिलो. मुदत दोन दिवसांवर आली होती.

पाचव्या दिवशी शेजारच्या नावेत जाळे सांधत बसलेल्या वृद्ध नावाड्याला राहवले नाही. "का गुरु, मछरियों से भी एकादशी करवा रहे हैं?"

त्याने गंगेतून एक गोळी उचलली, हुंगली आणि मान हलवली. मग दोन्ही हात ओले करून नावेतल्या पाण्याच्या बादलीतून एक जिवंत रोहू उचलून माझ्यापुढे धरला. माशाच्या इतक्या जवळ मी जन्मात कधी गेलो नव्हतो. "ई देखिए. मुँह किधर है? नीचे. ऊपर तैरता दाना ई कैसे लेगा?"

खरोखरच तोंड खालच्या बाजूला होते. लहानसे, जाड ओठांचे; ओठांची कड बारीक झालरीसारखी. जबड्यात दात नाहीत, ते घशात असतात, असे तो सांगत होता. हा शेवाळ आणि गाळ चाटून खातो. टेंगरा मासा तर गढूळ तळाशी डोळ्यांनी नव्हे, मिशांनी अन्न शोधतो. वर फिरणाऱ्या बोटभर चेल्हव्याचे तोंड आकाशाकडे असते खरे, पण त्यात तुमची गोळी मावणार कशी? मग त्याने अंगठ्याने गालावरचे झाकण किंचित उचलले. आत रक्तासारखी लाल, ओली, एकावर एक रचलेली पाती होती. पाण्यातला श्वास त्यांतून माशाला मिळतो.

इतक्यात माशाचे तोंड उघडू-मिटू लागले. मला तीन उशा दिसल्या.

"पानी में रखो! जल्दी रखो!" मी जवळजवळ ओरडलोच.

"रख रहे हैं, गुरु. एतना घबराइए मत." त्याने मासा बादलीत सोडला. "आटे की लाइए. डूबेगी, तब खाएँगे."

ज्याने ते तोंड खाली वळवले, त्याने त्याचे अन्नही खालीच ठेवले होते. मी माझ्या व्रताच्या सोयीने ते वर तरंगत ठेवले, आणि जे कोणाच्या तोंडापर्यंत पोहोचलेच नाही त्याला नकार मानून चार रात्री जागलो.

घरी येऊन मी तिच्याकडे कागद मागितला.

"हो म्हणाले वाटतं?"

"नाही. माशांना मी काही विचारलंच नव्हतं."

"मग?"

"तू हो म्हणाली होतीस."

"तेच तर आठवडाभर सांगतेय," ती म्हणाली आणि उशीखालून पेन काढून दिले. सही वाकडी आली.

दुसऱ्या दिवशी मी कणकेच्या गोळ्या नेल्या. स्वतः मात्र राजगिऱ्यावरच राहिलो. गोळी बोटांतून सुटताच बुडाली. हातभर खाली ती दिसली, मग दिसली नाही. कोणी घेतली का, हे वरून कळायला मार्ग नव्हता. एकशे आठही तशाच गेल्या. मला अजून थोडे बसून पाहायचे होते, पण दहा वाजता तिला दाखल करायचे होते. कणीक लागलेले हात गंगेत धुऊन मी पायऱ्या चढू लागलो. छातीतली धडधड तशीच होती.