हमीपत्रातली आठवी ओळ

नांदगावच्या स्टँडवर आप्पांनी मला लाल पेन दिलं. डबा आईने आधीच बॅगेत कोंबला होता. नाशिकची एसटी सुटायच्या बेतात होती, कंडक्टर दार आपटत होता, आणि आप्पा खिडकीच्या गजाला धरून तेच सांगत होते जे मी अक्षरओळख झाल्यापासून ऐकत आले: "वाचल्याबिगर सही करायची नाय. पटत नसंल ती ओळ खोडायची, आन् मग सही." मागून आई ओरडली, "तिथं कोणाशी भांडू नको गं! निदान पहिला महिना तरी!"

मी आईचं ऐकलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

नांदगावात राहिलेल्यांना सगळं माहीत आहे, पण माझ्यासारखे जे कुठून कुठून बॅगा घेऊन निघाले त्यांच्यासाठी सांगते. आप्पा बाजारपेठेतल्या एका छोट्या प्रेसवर मशीन चालवतात. दिवसभर लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तकं, आणि जमेल तेव्हा कांदा मार्केटातल्या हमालांच्या संघटनेची पत्रकं. इतर घरांत जेवताना टीव्ही चालतो, आमच्याकडे प्रूफ वाचलं जायचं. आप्पा मूळ मजकूर मोठ्याने वाचणार, मी छापील कागदावर बोट फिरवणार. चूक दिसली की लाल पेन. खोटी ओळ दिसली तरी लाल पेन. एकदा अध्यक्षांनी लिहून पाठवलं होतं, 'सर्व हमाल एक आहेत.' आप्पा म्हणाले, "अजून झाले नायत," आणि ओळ उडवली. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ असायची: मुद्रितशोधन – क्रांती. हो, माझं नाव क्रांती. असल्या बापाकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार?

आणि हाच विषय का, असं जो तो विचारतो. बारावीच्या वर्षी कांद्याची निर्यात अचानक थांबली. सकाळी भरलेलं मार्केट, दुपारनंतर हमाल रिकाम्या हातगाड्यांवर बसलेले. कुठल्याशा दोन सरकारांमध्ये काही ठरलं किंवा फिसकटलं, आणि आमच्या गल्लीतल्या माणसांचं काम गेलं. त्या आठवड्याच्या पत्रकाचा मथळा होता, 'दरवाजा कोणी लावला?' उत्तर पत्रकात नव्हतं, कारण ते आप्पांनाच माहीत नव्हतं. मला ते हवं होतं. आणि मोर्चाच्या दिवशी 'सुरक्षेच्या कारणास्तव' रस्ता बंद करतात, ती सुरक्षा नक्की कोणाची असते, हेही कळायला हवं होतं. आंतरराष्ट्रीय संबंध आणि सुरक्षा अभ्यास: एवढं लांबलचक नाव असलेली पदवी मिळते, हे मला एका जुन्या मासिकातल्या जाहिरातीवरून कळलं.

मिळते, पण कोणाला? नाशिकमध्ये पंचवटीत चौघींच्या खोलीत मी एक कॉट घेतली. सकाळी झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग, दुपारी कॉलेजं पालथी घालणं. खासगी विद्यापीठांच्या माहितीपत्रकांवर सगळ्या देशांचे झेंडे असायचे, फीचा आकडा नसायचा. विचारला की समोरची बाई तो चिठ्ठीवर लिहून सरकवायची, तोंडाने उच्चारायची नाही. एका ठिकाणाहून रोज फोन यायचा, "मॅम, तुमचं पॅशन आहे ना? मग पॅरेंट्सना कन्व्हिन्स करा!" आमच्या घरात पॅशन कधीच कमी नव्हतं, मॅम. सरकारी फीत हा विषय शिकायचा तर दिल्लीला जा, असं सांगणारेही भेटले. दिल्लीत राहायचं कशावर, ते कोणी सांगितलं नाही. सुरगाण्याची जयू माझ्या शेजारच्या कॉटवर, नर्सिंग शिकणारी. ती म्हणायची, "तू जगातली भांडणं शिकायला आलीस का नवीन काढायला?"

जुलै संपत आला तशी माझी झोप गेली. घरी ठरलं होतं की या वर्षी प्रवेश झाला नाही तर परत यायचं आणि मनमाडच्या मावशीने आणलेलं स्थळ बघायचं. आई रोज फोनवर सगळं विचारायची, फक्त प्रवेशाचं विचारायची नाही. ते न विचारणं मला कानात वाजायचं.

आणि मग मिळालं. शहरातल्याच एका अनुदानित कॉलेजात हाच विषय, आम्हाला झेपेल अशा फीत, थोड्याच जागा. मी शेवटच्या दिवशी व्हरांड्यात बसून फॉर्म भरला. सोबत हमीपत्र होतं, दहा ओळींचं. सगळी मुलं शेवटच्या पानावर सही करून रांगेत लागत होती. मी वाचलं. आठवी ओळ अशी होती: 'मी कोणत्याही सभेत, आंदोलनात अथवा पत्रकवाटपात सहभागी होणार नाही.'

मी एका क्षणाचाही विचार केला नाही, हे इथे कबूल करते. हात आपोआप गेला. लाल पेनाने ओळ खोडली, समासात खूण केली, खाली सही केली. घरी रोज करायचे तसंच.

आठ दिवसांनी यादी लागली. माझं नाव अपात्रांमध्ये होतं. कारण: हमीपत्रात खाडाखोड.

खिडकीतले भाऊसाहेब माझा फॉर्म बाजूच्या मुलांना दाखवत म्हणाले, "ताई, हमीपत्र काय पेपर तपासायला दिलं होतं का तुला? नाव काय म्हणालीस? क्रांती? मग बरोबरे!" रांग हसली. नंतर त्यांनीच आवाज खाली घेऊन सांगितलं की दुसऱ्या फेरीत दोन जागा उरतील, उद्या बारापर्यंत कोरा फॉर्म भर, आणि पेन निळं आण.

मी आप्पांना फोन लावला. मला त्यांनी चिडायला हवं होतं. म्हणायला हवं होतं की असल्या कॉलेजावर थुंक आणि घरी ये. मी आठवी ओळ वाचून दाखवली. पलीकडे मशीनचा आवाज येत होता, मग तो बंद झाला.

"सही कर, माय," आप्पा म्हणाले.

"आप्पा, पत्रकवाटप लिहिलंय त्यात."

"वाचू नको. डोळं मिटून कर."

दुसऱ्या दिवशी मी निळ्या पेनाने सही केली. प्रवेश झाला. जयूने पेढे आणले आणि मी संडासात जाऊन रडले. मावशीचं स्थळ टळलं म्हणून नाही. ज्या माणसाने मला वाचायला शिकवलं, त्याने माझ्यासाठी 'वाचू नको' म्हटलं होतं म्हणून.

आता मी शिकते आहे. वर्गात चांगलं शिकवतात, ते खोटं कशाला सांगू. पहिल्याच सत्रात सरांनी करारांचा भाग घेतला. म्हणाले, देश एखाद्या करारावर सही करतो तेव्हा पुष्कळदा सांगू शकतो की अमुक कलम आम्हाला बंधनकारक नाही, बाकीचं मान्य. असं करूनही तो करारात राहतो. मुलं लिहून घेत होती. माझं पेन थांबलं. म्हणजे देशाने ओळ खोडली तर ते धोरण, आणि नांदगावच्या पोरीने खोडली तर खाडाखोड. मी हात वर केला नाही. मी, क्रांतीने, हात वर केला नाही.

दिवाळीला घरी गेले. जेवताना आप्पांनी नेहमीसारखं प्रूफ पुढे ठेवलं, हमालांच्या बोनसचं पत्रक. ते वाचत गेले, मी बोट फिरवत गेले. शेवटाला पोहोचले तर तळाची बारीक ओळ नव्हती. राहून गेली नव्हती, आप्पांनी काढली होती. त्यांनी मान वर केली नाही. "तुझ्या कॉलेजातल्या कोणाच्या हाती लागलं तर?" एवढंच म्हणाले.

ओळ गाळलेली असेल तर प्रूफवर त्या जागी एक लहानसा कोन काढतात आणि समासात गाळलेले शब्द लिहितात. मी लाल पेनाने कोन काढला. शब्द लिहिले नाहीत. माझी जागा जाईल, या भीतीने लिहिले नाहीत. हेही कबूल करते.

सकाळी गठ्ठा छापून आला. मी सवयीने वाटपासाठी उचलायला गेले तर आप्पांनी तो माझ्या हातातून काढून घेतला आणि एकटेच मार्केटकडे निघाले. एक पत्रक दाराच्या चौकटीपाशी पडलं होतं. त्याच्या तळाशी, जिथे माझं नाव असायचं, तिथे आप्पांनी एका ओळीची जागा कोरी सोडली होती. भरली नव्हती, मिटवलीही नव्हती.

घर कुठे, असं कोणी विचारलं तर मी आता नांदगाव सांगत नाही, नाशिकही नाही. ते पत्रक, त्यातली माझ्यासाठी सोडलेली ती कोरी ओळ, सोबत ठेवते.