मावशीने नवरीला गाडीतून उतरवलं

कम्युनिटीतल्या मंडळींनो, आज आमच्या मावशीला मानलं!

गास गावाहून माझ्या चुलत बहिणीला लग्नाच्या हॉलवर न्यायचं होतं. नवरी मावशीच्या जुन्या गाडीत बसली. थोडं पुढे गेल्यावर मावशीने गाडी बाजूला घेतली.

"स्टेअरिंग हातात खेळतंय. उतरा, रिक्षा करा."

"अहो ताई, मुहूर्त टळेल!" गाडीतच बसलेले नवरीचे वडील, माझे काका, ओरडले.

"टळू दे. पोरीला घेऊन मी पुढे जाणार नाही."

नवरी रिक्षाने वेळेत पोहोचली. मावशी मात्र काठापदराच्या साडीत मेकॅनिकची वाट बघत रस्त्यावर थांबली. त्याने येऊन चाक उचलून हलवलं, तर चाकाला गाडीशी जोडणारा बॉल जॉइंट झिजून निखळायलाच आला होता. तो जॉइंट आणि स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या टाय रॉडचं टोक, दोन्ही त्याने बदलली.

मावशी हॉलवर आली तेव्हा पंगती उठल्या होत्या. काकांनी स्वतः तिचं ताट वाढून आणलं.

सगळे घाई करत असताना गाडी थांबवायला तुम्हाला जमलं असतं?