दोन माणसं उतरवायची होती

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला जी लहान लहान बेटं आहेत, तिथे विमान उतरताना आदळतंच. धावपट्टी एका बाजूला समुद्रापाशी संपते, दुसऱ्या बाजूला डोंगरापाशी, आणि वारा कायम आडवा. माझ्या पहिल्याच खेपेला आमच्या चाकाखाली एक कुत्रा आला. एका हमालाने त्याचा मागचा पाय धरून त्याला फरफटत गवतात टाकलं आणि तसाच येऊन आमच्या बॅगा उतरवायला लागला. कुणी वळूनही बघितलं नाही.

मी पनवेलची. मासळीबंदरांवर बर्फाचे कारखाने बसवून देणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर आहे. त्या बेटांवर मी बरीच वर्षं जाते आहे, त्यामुळे कामापुरती तिथली भाषा येते. सोबत आमचा फिटर असायचा. गव्हाणकडचा, पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. मी त्याला दादा म्हणायची, तो मला बाय. त्याच्या घरच्या शेतावरून आता विमानं उडतात. विमानतळासाठी डोंगर फोडत होते तेव्हा रोज सुरुंगाच्या आवाजाने त्याच्या घरातली फडताळावरची भांडी खाली यायची. त्याच काळात जमिनीवरून भावकीत जुंपली आणि त्याने सख्ख्या भावाचा हात मोडला. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. पण माझ्यासमोर त्याने कधी आवाजही चढवला नव्हता, त्यामुळे ते मला दुसऱ्याच कुणाचं वाटायचं.

ज्या दिवसाचं सांगते आहे त्या दिवशी आम्ही काम संपवून परत निघालो होतो. वाऱ्यामुळे आधीची विमानं रद्द झाली होती आणि पत्र्याच्या शेडमध्ये माणसं तुंबली होती. पाय बांधलेली डुकरं, कोंबड्यांच्या पाट्या, भिजलेली मुलं. विमान जेमतेम बारा माणसांचं, म्हणून सामानाबरोबर प्रवाशालाही वजनकाट्यावर उभं करतात. आमची नावं यादीत होती. मी काट्यावर उभी राहिले, माझ्या शेजारी हत्यारांची पेटी.

तेवढ्यात किनाऱ्याकडून ओरडा ऐकू आला. चार नावाडी एका बाईला झावळ्यांच्या डोलीतून पळवत आणत होते. आदल्या दिवशी बाळंत झालेली बाई, आणि अंगावरून रक्त थांबत नव्हतं. डोलीखालून ते ठिबकत होतं, शेडच्या फरशीवर सरळ रेघ उमटली. मागून तिची सासू, पोटाशी धरलेलं बाळाचं गाठोडं. पुढे नवरा. पंचविशीचा असेल. मोठ्या बेटावरच्या इस्पितळात पोचलं तर ती वाचणार होती.

काउंटरवरची बाई माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली की दोन माणसं उतरवावी लागतील. मी लगेच हो म्हणाले. आम्ही दोघं राहतो, त्यांना चढवा, असं मी तिला सांगत होते. पण ते तिच्या-माझ्यातलं बोलणं होतं. नवऱ्याला एवढंच दिसलं की एक परदेशी बाई काट्यावर उभी आहे, लोखंडाची पेटी घेऊन, आणि अजून बोलतेच आहे. त्याने माझ्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि मला खेचून खाली आपटलं. पेटीची कड माझ्या ओठावर लागली. तोंडात रक्त आलं.

"बाय, तू मागं रव," दादाचं वाक्य कानावर आलं. अगदी शांत आवाज होता तो. मग पेटीतून बाहेर पडलेला लोखंडी पाइप पाना त्याच्या हातात वर जाताना मी पाहिला.

पहिला घाव नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो गुडघ्यावर आला, तरी दादा थांबला नाही. पाठीवर, बरगडीवर, परत पाठीवर. मी मागून त्याच्या कमरेला मिठी मारली तर त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं आणि डोळ्यांपुढे पांढरं झालं. त्या क्षणी मला त्याचा चेहरा बाजूने दिसला. त्यावर राग नव्हता. त्याला बरं वाटत होतं. 

मग नावाडी दादावर तुटून पडले. वल्ह्यांनी, लाथांनी, शेडमधल्या बाकड्याच्या तुटलेल्या फळीने. डुकरं किंचाळत होती. तिथे एकच पोलीस होता, तो बाहेरून धावत आला आणि त्याने दिसेल त्याला काठीने झोडायला सुरुवात केली. डोलीपाशी बसलेल्या सासूलाही एक बसली. सगळं थांबलं तेव्हा दादाच्या डोक्यातून रक्त वाहत होतं आणि तो एक हात बरगडीवर दाबून धरून बसला होता.

वैमानिकाने स्वतः येऊन निकाल दिला. मारामारी केलेल्यांपैकी कुणालाही तो नेणार नाही. बाई, सासू आणि बाळ चढले. नवरा धावपट्टीपर्यंत लंगडत गेला, दोघांनी त्याला धरून मागे आणलं. विमान उठलं, डोंगरापाशी वाऱ्याने त्याला पालथं केल्यासारखं झालं, शेडमधल्या बायका एकदम विव्हळल्या, आणि मग ते सरळ झालं.

राहिलो आम्ही. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी, तेही वारा पडला तर. नवऱ्याचा हात कुणीतरी कापडाने गळ्यात बांधून दिला. तो येऊन आमच्या समोरच्या बाकावर बसला. उजव्या हातात नारळ सोलायचा कोयता होता, तो त्याने मांडीवर आडवा ठेवला. मग माझ्याकडे बघून, मला समजावं म्हणून एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाला, "ती मेली तर हा इथून जाणार नाही."

मी दादाला त्याचा अर्थ सांगितला. हेही सांगितलं की मी आधीच जागा सोडली होती, त्याने पाना उचलायच्या आधीच.  मग त्याने विचारलं की हे त्या पोराला माहीत आहे का. मी म्हणाले, मघाशी सांगितलं, पण तो ऐकतोय असं वाटलं नाही.

पोलिसाने आम्हाला त्याच्या खोलीत जाऊन बसायला सांगितलं. मी उठलेही. दादा उठला नाही.

"नाय. आमी आत लपलो तर तो काय समजंल? हितंच बसू."

मला त्याचा भयंकर राग आला. मी म्हणाले, तुम्हाला मरायचं असेल तर मरा, माझी मुलगी पनवेलला वाट बघते आहे. तो म्हणाला, तू जा आत. मी गेले नाही.  त्याच्यापासून जरा दूर, टोकाला बसले. खरं सांगायचं तर समोरच्या कोयत्याइतकीच मला माझ्याच बाजूच्या दादाची भीती वाटत होती. तो पुन्हा उठला तर मी त्याला अडवू शकणार नव्हते, हे माझं नाक मला सांगत होतं.

सगळा दिवस तसाच गेला. वारा पत्रे उचकटत होता. काउंटरवरच्या बाईने आम्हा तिघांनाही एकाच भांड्यातला भात दिला. नवऱ्याने कोयता मांडीवरून न हलवता खाल्लं. मध्येच वेदनेने त्याचा तोल गेला आणि तो बाकावरून घसरला, तेव्हा दादा अर्धवट उठला आणि परत बसला. संध्याकाळी पोलीस शेडमध्येच आडवा झाला. आम्ही तिघं झोपलो की नाही, मला आठवत नाही.

सकाळी काउंटरवरच्या बाईचा मोबाइल वाजला. तिने तो नवऱ्याच्या कानाला लावला. तो बराच वेळ ऐकत राहिला. मग त्याने कोयता बाकावर ठेवला आणि दादाकडे चालत आला.

दादा उभा राहिला. त्याने दोन्ही हात खाली सोडले होते.

नवऱ्याने उजव्या मुठीने त्याच्या तोंडावर एकच ठोसा मारला. इतका जोरात की स्वतःच्या मोडलेल्या खांद्याच्या कळेने तोच कळवळला. दादाचे पुढचे दोन दात तुटले. तो मागे कोलमडला, बाक धरून परत सरळ झाला. मी त्याच्या हातांकडे बघत होते. ते वर आले नाहीत. पोलीस काठी घेऊन आला तर दादानेच त्याला हाताने थांबवलं.

"ऱ्हाऊ दे," तो मराठीत म्हणाला. "त्याचा हक हाय."

नवरा खाली बसला आणि मोठ्याने रडायला लागला. मला वाटलं बाई गेली. काउंटरवरच्या बाईने मान हलवून सांगितलं की जगली आहे, पहाटे रक्त थांबलं.

दुपारी विमान आलं. आम्ही तिघंही त्यातच होतो, तो पुढच्या रांगेत, आम्ही मागे. वारा अजून होताच. विमान दोनदा असं खाली गेलं की सामान छताला आदळलं, आणि प्रत्येक वेळी खांद्याच्या धक्क्याने तो ओरडला. उतरल्यावर तो इस्पितळाच्या गाडीत बसून गेला. मागे वळला नाही.

त्यानंतर दादाने बेटांवर यायचं सोडलं. आता तो न्हावा शेव्याला मासळीच्या थंड कंटेनरांची दुरुस्ती करतो. दात नवे बसवलेत, पण बोलताना हात तोंडाशी जातो. घरी त्याने विमानतळावर पडलो असं सांगितलं, आणि त्याच्या बायकोने मला कधी काही विचारलं नाही. माझं नाक थोडं वाकडंच राहिलं.

मी मात्र जाते. पुढच्या वर्षी त्याच शेडमध्ये उतरले तेव्हा काउंटरवरच्या बाईने मला लगेच ओळखलं. बाळंतीण बरी आहे, नवरा मासेमारीला जातो, पण डावा हात पुरता वर होत नाही, असं तिने सांगितलं. मी भेटायला गेले नाही. काय बोलणार होते?

पनवेलला आल्यावर दादाला फोन करून हे सगळं सांगितलं. हातासकट सांगितलं. पलीकडे कंटेनरच्या मोटारी घुमत होत्या.  मग तो म्हणाला, "बाय, पोर कसली हाय? मुलगा का मुलगी?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी हे आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं; मलाही ते या खेपेला काउंटरवरच्या बाईकडूनच कळलं होतं.

"मुलगी," मी म्हणाले.