गळ्यावर वस्तरा असताना

पंचवटीतल्या ज्या सलूनमध्ये मी दर रविवारी दाढीला जातो, तिथल्या माणसाचं नाव मी कधी विचारलं नाही. तो मला काका म्हणतो, मी त्याला भाऊ. एक गाल झाला की तो मागे सरतो आणि मान तिरकी करून आपलं काम बघतो.

सध्या त्याला हेरगिरीच्या एका पिक्चरने झपाटलंय. त्यातला हीरो दारू पितो, बायकोशी खोटं बोलतो. बाकावर नंबर लावून बसलेले आम्ही त्याला यथेच्छ नावं ठेवतो. भाऊ नुसता ऐकतो. मग एकेकाला खुर्चीत घेतो, वस्तरा गळ्यावर टेकवतो आणि शांतपणे विचारतो, "मग, हीरो कसा वाटला?"

मागच्या रविवारी मी म्हणालो, "तसा वाईट नाही." तोंड पुसून उठलो आणि म्हणालो, "पण बायकोला फसवणारा कसला हीरो?"

त्याने टॉवेल झटकला. "काका, त्याला दुश्मनांनी उलटा टांगला, तरी तो फुटला नाही. तुम्ही नुसत्या वस्तऱ्याला फुटले."

सगळा बाक हसला.

या रविवारी मी ठरवूनच गेलो. वस्तरा आला, प्रश्न आला. मी डोळे मिटून गप्प बसलो. त्याने पुन्हा विचारलं, तरी गप्पच. भाऊ मागे सरला, मान तिरकी करून माझ्याकडे बघत म्हणाला, "आता जमलं."

त्या खुशीत येताना मी मिसळ खाल्ली. डॉक्टरांनी मला तिखट बंद केलंय. दारातच बायकोने विचारलं, "एवढा उशीर?"

"सलूनमध्ये गर्दी होती," मी म्हणालो.