शाळेतलं सोनं

झेंडूचा वास आला की मला देवासच्या आमच्या कॉलनीतली शाळा आठवते. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. हेडमास्तर घरी येऊन म्हणाले, "भिया, पोरांना इथल्या मातीतली झाडं दाखवायला बगीचा करतोय, कुंपणाचं तुम्ही बघा." मी शिकलो चौथी, पण शाळेत आपलं काहीतरी उभं राहणार म्हणून कारखान्याचा सगळा बोनस देऊन टाकला. पळस, करंज, बेल लागले आणि मधोमध माझ्या हातचा आपटा. ड्यूटी सुटली की घरी जायच्या आधी मी त्याला पाणी घालायचो. बघता बघता तो माझ्या डोक्याच्या वर गेला. त्या दसऱ्याला संध्याकाळी हेडमास्तरच दारात आले, ओंजळभर पानं पुढे केली. "घ्या सोनं! यंदा बाजारात जायची गरजच नाही, सगळ्या कॉलनीला आपल्या शाळेतलंच पुरलं." मी हात पुढे केला नाही. बायको म्हणाली, "अहो, घ्या ना, बघत काय राहिलात?" मी तसाच अनवाणी शाळेकडे धावलो. कुंपणाचं फाटक सताड उघडं होतं. आपट्यावर पान उरलं नव्हतं, फांद्यासुद्धा ओरबाडून नेलेल्या. राहिली होती नुसती काठी, आणि तिला कुंकू लावून कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. ते झाड परत फुटलं नाही. अजूनही दसऱ्याला कुणी पान पुढे केलं की मी हात मागे ठेवतो. सून म्हणते, बाबा फार हट्टी आहेत. म्हणू दे.