सांगोल्याला निघालेला गेम

सोलापूर स्टँडवर सांगोल्याच्या एसटीत तो माझ्या शेजारी येऊन बसला. मांडीवर टॉवेलची जाड घडी होती आणि कोकरू जपावं तसा तिच्यावर हात. खड्डा आला की तो आधी घडी सावरायचा, मग स्वतःला.

न राहवून मी विचारलं. त्यानं टॉवेल उलगडून आतला पेनड्राइव्ह दाखवला.

"गेम हाय. मेव्हण्याच्या कंप्युटरवर उतरवला. आमच्या वस्तीवर नेट न्हाय, पण ह्याला नेट लागतच न्हाय. कुटंबी न्या आन खेळा." मग त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "तुमचे गेम दर खेपेला नेटवरनं कंपनीला इचारत्यात, चालू का म्हणून. शेळी इकत घ्यायची आन दूध काढताना जुन्या मालकाला फोन लावायचा, ही कसली रीत?"

मला पटलं. तो आणखी खुलला. "उतरवायला लई येळ गेला. ह्यात घ्यायला मातर कायच येळ लागला न्हाय. पडद्यावरचं चित्र उचललं आन टाकलं."

ते चित्र म्हणजे शॉर्टकट, नुसती दारावरची पाटी. अख्खा गेम मेव्हण्याच्या कंप्युटरमध्येच राहिला होता. मी हळूच सांगितलं, "शेळी सोलापुरातच राहिली. तुम्ही दावं घेऊन निघालाय."

त्यानं पेनड्राइव्ह पुन्हा टॉवेलात गुंडाळून त्यावर हात ठेवला. "दावं तर आपलं हाय की."

अवघडून मी मोबाईल काढला आणि विकत घेतलेला माझा गेम लावला. तो नेट मागत राहिला. रेंज नव्हती.

त्यानं वाकून बघितलं.

"मालक फोन उचलंना व्हय?"