व्याह्यांच्या उंदराचं बारसं

माझ्या व्याह्यांइतका घर अडवून बसणारा प्राणी अख्ख्या कॅलिफोर्नियात दुसरा नव्हता. म्हणजे एक होता, एक उंदीर, तो आमच्या मागच्या अंगणात ओकच्या झाडाखाली राहायचा. मी चौथी पास. व्याही नागपूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून रिटायर झालेले. सुनेचे वडील म्हणून मान द्यायचा, पण दह्याचा रिकामा डबा टाकू देतील तर शपथ. डबे, झाकणं, सुतळ्या, रबरबँड, सगळं गराजच्या कोपऱ्यात. "लागतं हो विहीणबाई," म्हणायचे. लागायचं, पण आमच्या पायांना.

त्या उंदरानंही माझ्या खांद्याइतका उंच काड्यांचा ढीग रचलेला. मी नुसतं 'उंदीर' म्हटलं की व्याही दुखावायचे. "वुडरॅट म्हणा, पॅकरॅट म्हणा. ट्रेडरॅटही म्हणतात, कारण दुसरी वस्तू आवडली की तोंडातली तिथेच ठेवून जातो." एकदा अंगणातल्या टेबलावरून माझा चमचा गेला, जागी एक काडी. "बघा, काय सचोटी!" लॅटिन नावही त्यांना पाठ. मराठीत मात्र नाव नाही, ही टोचणी. शेवटी त्यांनी घुगऱ्या शिजवल्या, आत्या म्हणून मला ढिगापुढे उभं केलं आणि बारसं केलं. नाव ठेवलं काडीघऱ्या.

"घरसासरा ठेवा की," मी म्हटलं. हसले नाहीत.

मग काडीघऱ्यानं गाडीच्या वायरी कुरतडल्या. सून भडकली. "बाबा, इनफ! शनिवारी पेस्ट कंट्रोलवाला येतोय. दोन-दोन ढीग मी नाही सांभाळणार. एक तुमचा, नाहीतर त्याचा. चूज करा."

शनिवारी सकाळी पाहते तर रस्त्याकडेला रिसायकलिंगचे डबे शिगोशीग भरलेले, आत त्यांचा सगळा संसार, झाकणाला झाकण लावून.

"अहो, हे काय केलंत?"

"मला नागपूरला घर आहे, विहीणबाई. त्याला हे एकच."

सुनेनं पेस्ट कंट्रोल कॅन्सल केलं, गाडी गराजात लावायला लागली. महिनाभरात व्याही परत गेले.

कोपरा आता लख्ख मोकळा आहे. परवा दह्याचा डबा धुतला, टाकायला निघाले आणि ओकखाली ठेवून आले. सकाळी डबा तिथेच होता, झाकण गेलेलं. जागी एक काडी. ती टाकवेना. ठेवायची कुठे हेही कळेना, म्हणून गराजच्या कोपऱ्यात ठेवली.